रकाना क्रमांक चौदा

इंदापूर
३ डिसेंबर २०२४

मोना,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. राहून गेलं असं समजू नकोस, मुद्दाम गाळलंय. सहा वर्षांनी थोरल्या बहिणीचं पत्र आलं म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. मला तुझी आठवण आली, रडू आलं, असलं काही झालेलं नाही. काम आहे म्हणून लिहितेय.

तुमच्या बारामतीच्या संस्थेची जाहिरात पेपरात वाचली. पिंपळीच्या बाजूला तुमचं मुलींचं वसतिगृह आहे, तिथं अधीक्षिका पाहिजे. महिला हवी, पदवीधर हवी, मराठी उत्तम हवं. हे तिन्ही माझ्याकडं तुझ्याआधीपासून आहे. तू तिथं आस्थापना विभागात साहेबीण होऊन बसली आहेस हे अख्ख्या कन्हेरीला माहीत आहे, त्यामुळे मलाही माहीत आहे.

मला नोकरीची गरज आहे असा अर्थ काढू नकोस. दिग्विजयचं घर तू पाहिलेलं आहेस. अकरा माणसं, चार म्हशी, दारात दोन ट्रॅक्टर. वेळ जात नाही, एवढंच.

आणि मुलाखत म्हणजे काय हे मला समजावून सांगू नकोस. माझ्या सात झाल्या आहेत. कन्हेरीच्या घरात पुढच्या खोलीत पाट मांडायचे, पोह्यांच्या बश्या फिरवायच्या आणि पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसायचं. नाव काय? शिक्षण किती? सैपाक येतो का? भावंडं किती? सातही वेळा हेच चार प्रश्न, ह्याच क्रमानं. विचारणाऱ्यांना पाचवा प्रश्न सुचला नाही. मी चौथ्याचं उत्तर द्यायचे, "दोघी. मी थोरली, मोना धाकटी," आणि तू पडद्यामागं शाळेच्या वहीत शिसपेन्सिलीनं पाहुण्यांना दहापैकी मार्क द्यायचीस. दिग्विजयला तू तीन दिले होतेस. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता.

तर नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात ते लिहून पाठव. माझा फोन घरात कुणीही उचलतं आणि कुणीही बघतं, म्हणून फोन करू नकोस. उत्तर पाकिटामागच्या पत्त्यावर दे. हा इंदापुरातल्या एका क्लासचा पत्ता आहे, त्याबद्दल पुढं कधीतरी.

राजेश्वरी


इंदापूर
११ डिसेंबर २०२४

मोना,

आठ दिवस झाले. पोस्ट चालू आहे, मी चौकशी केली.

तू उत्तर देत नाहीस तर तुझ्याविना माझं काही अडत नाही. मी मुलाखतीचा क्लास लावलाय. सासूबाईंना सांगितलं, शिवणाचा आहे. क्लास दादासाहेब नावाच्या माणसाचा आहे. आधी तो ड्रायव्हिंग लायसन्स काढून द्यायचा, आता माणसं घडवतो. भिंतीवर 'हमखास निवड' असं लिहिलंय. त्याला स्वतःला आजवर एकही नोकरी लागलेली नाही, हे त्यानंच पहिल्या दिवशी अभिमानानं सांगितलं.

आम्ही नऊ जण आहोत. सात मुली, दोन मुलगे. मी सगळ्यांत म्हातारी, सदतीस वर्षांची. नऊच्या नऊ जणांचा छंद वाचन आहे. मी एकीला विचारलं, काय वाचतेस गं? ती म्हणाली, "सरांनी तेवढंच सांगितलंय." सगळ्यांचा दोषही एकच, 'मी कामात स्वतःला इतकं झोकून देते की तब्येतीकडं लक्ष राहत नाही.' दादासाहेब म्हणतो, दोष असा सांगायचा की समोरच्याला तो गुण वाटावा. रोज सकाळी ही नऊ मेंढरं एका सुरात झोकून देतात.

एक माहिती पाहिजे. जाहिरातीत 'निवासाची सोय' असं लिहिलंय. म्हणजे खोली स्वतंत्र असते का? आतून कडी असते का? आणि रुजू व्हायच्या दिवसापासूनच मिळते, की नंतर? सहज विचारतेय.

तू मनातल्या मनात म्हणत असशील की आता आली का शुद्धीवर. तर ऐक, मी आजही म्हणेन की सिद्धूच्या बाबतीत तू चुकलीस. दिग्विजयचा चुलतभाऊ, निर्व्यसनी, घरचा ऊस. साखरपुडा झाल्यावर मुलीनं नाही म्हणणं म्हणजे काय हे तुला कळलं नाही. ते नोकरी सोड म्हणाले, त्यात एवढं काय होतं? मला नोकरी नव्हती म्हणून मी मेले का? तू मोडून मोकळी झालीस आणि त्या घरात नांदायचं मला होतं. सासूबाईंनी चार महिने माझ्या हातचा चहा घेतला नाही. तू तेव्हा माझं तोंड काळं केलंस, हे मी विसरलेले नाही.

असो. खोलीचं तेवढं कळव.

राजेश्वरी


इंदापूर
२० डिसेंबर २०२४

मोना,

पाकीट मिळालं. आत एक छापील कागद, वर मथळा 'मुलाखतीत हमखास विचारले जाणारे प्रश्न'. ना पत्र, ना नाव, ना सही. एक ओळ लिहिली असतीस तर हात झिजला असता का? पण समासात शिसपेन्सिलीनं खुणा केल्या आहेस. अक्षर सुधारलेलं नाही.

कागद दादासाहेबाला दाखवला नाही. स्वतःच वाचला. काय पण प्रश्न आहेत! माणसं शिकून सवरून खुर्चीत बसतात आणि हे विचारतात?

'स्वतःबद्दल सांगा.' समोर अर्ज पडलेला असताना हे विचारायचं म्हणजे वाचायचा कंटाळा. तू बाजूला लिहिलंयस, 'जन्मापासून सुरू करू नको. या कामाला लागतं तेवढंच.'

'आधीची नोकरी का सोडलीत?' बाजूला तुझी टीप, 'आधीच्या मालकाबद्दल वाईट बोलायचं नाही.' हे वाचून मी एकटीच हसले. पंधरा वर्षांत त्या मालकानं मला एक प्रश्न विचारलेला नाही. जेवलीस का, हासुद्धा नाही. मग त्याच्याबद्दल चांगलं तरी काय बोलू? गप्प बसेन.

'पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?' हा प्रश्न ज्यानं शोधला त्याला इंदापुरात आणून आमच्या सैपाकघरात उभं करायला पाहिजे. पाच वर्षांनी मी कुठं असेन ते ठरवायला घरात दोन माणसं बसली आहेत, आणि त्यातली मी नाही.

'एखादा अवघड प्रसंग कसा हाताळला?' तू लिहिलंयस, 'घडलेलं सांग. एकच सांग. नीट सांग.' ह्यावर मी विचार केला. पुतणी सातवीत होती तेव्हा शाळेतून आली ती गोठ्यात लपून बसली. पहिल्यांदा पाळी आली होती आणि आपण मरणार असं तिला वाटत होतं. मी तिच्याशेजारी शेणात बसून तासभर बोलले. मग दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि बाईंना सांगितलं की मुलींना हे आधी सांगत चला. घरात ह्याची कुणाला खबर नाही. हे सांगण्यासारखं आहे का? दादासाहेब म्हणतो, प्रसंग मोठा पाहिजे, पुराचा किंवा आगीचा.

आणि शेवटी 'तुमचा दोष कोणता?' इथं तू एवढंच लिहिलंयस, 'खोटं नको. कळतं.'

मला शिकवतेस? तुला अक्षर मी शिकवलं होतं.

खोलीबद्दल काहीच लिहिलं नाहीस. का विचारलं ते सांगते. आमच्याकडं जानेवारीत पाहुणे यायचे आहेत, घर बघायला. घरात गर्दी होईल.

राजेश्वरी


इंदापूर
४ जानेवारी २०२५

मोना,

अर्ज भरून पाठवलाय. सोळाला मुलाखत आहे, पत्र आलं. तुझ्या कानावर असेलच, तुझ्याच टेबलावरून गेलं असणार.

अर्जात चौदावा रकाना आहे. 'या संस्थेत आपले नातेवाईक आहेत काय? असल्यास नाव, पद व नाते.' दादासाहेबाला विचारलं. तो डोळे मिचकावून म्हणाला, "ताई, नातं लेखी द्यायचं नसतं. वशिला फोनवर चालतो. कागदावर दिसला की मेला." आपल्याकडं असंच असतं म्हणा. ज्याचा मामा आत बसलेला आहे त्याच्या अर्जावर मामा नसतो, आणि आत बसलेल्या मामाला सगळं ठाऊक असतं. सगळा तालुका असाच नोकरीला लागलाय.

मी 'नाही' लिहिलं. वशिल्यासाठी नव्हे. तुझ्या नावावर मला काही नको, आणि मी तुझी कोण हे तिथं कुणाला कळून तुला लाज वाटायला नको. म्हणजे हे मी तुझ्या भल्यासाठीच केलं.

वरची ओळ खोटी आहे. खोडत नाही, तशीच राहू दे.

खरं असं, की पेन टेकवलं आणि मला तो दिवस आठवला. तूही विसरली नसशील. साखरपुडा मोडल्यावर तू त्यांनी दिलेल्या साडीचा खोका घेऊन आमच्या दारात आलीस. सिद्धूच्या घरी जाऊन नुसती साडी टाकून आली असतीस तरी चाललं असतं. पण तू माझ्याकडं आलीस, कारण तुला मला काहीतरी सांगायचं होतं. ओसरीवर आठ माणसं बसली होती. सासूबाईंनी तुझ्याकडं बोट करून विचारलं, "ही तुझीच भन ना गं?" आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मला भन न्हाय."

तू खोका ओट्यावर ठेवलास आणि गेलीस. तू काय सांगायला आली होतीस ते मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या पत्रात लिहिलं की तू माझं तोंड काळं केलंस. ते मीच केलं.

रकान्यासमोर बसून मला वाटलं, सहा वर्षांपूर्वी नाही म्हणालेली बाई आज कामासाठी 'आहे' कसं लिहील? तर तेवढ्या तोऱ्यात 'नाही' लिहून टाकलं.

आणि पाहुण्यांचं. पुतणीसाठी येताहेत असं तुला वाटलं असेल, तर तसं नाही. ती अजून दहावीत आहे. बाराला टेंभुर्णीहून येताहेत, दिग्विजयचं घर बघायला, दिग्विजयला मुलगी द्यायची म्हणून. मूल नाही ना आम्हाला. आधी कागदावर फारकत घ्यायची, मग लग्न, आणि मी तिथंच राहायचं. सासूबाई समजावून सांगताना फार मऊ बोलल्या. "तुला कुणी हाकलत न्हाय बाई. सैपाक तुझ्याकडंच ऱ्हाईल." दिग्विजय शेजारी बसून मोबाइल बघत होता.

आता कळलं ना, खोलीला आतून कडी आहे का ते मी कशासाठी विचारलं?

राजेश्वरी


इंदापूर
१३ जानेवारी २०२५

मोना,

पाहुणे काल येऊन गेले.

"पोहे तूच कर, तुझ्या हाताला चव हाय," असं सासूबाई म्हणाल्या. केले. कोथिंबीर, खोबरं, लिंबाची फोड, काही म्हणून कमी ठेवलं नाही. बश्या मीच नेल्या. मुलीचा बाप, चुलता आणि मामा. दिग्विजयनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि केसांना काळं लावलं होतं, कानाच्या पाळीलासुद्धा लागलेलं. चव्वेचाळीस वर्षांचा नवरदेव. तू दिलेले तीन मार्क फार झाले असं वाटलं.

मुलीचा बाप बरा माणूस होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "ताई, तुमची काय हरकत न्हाय न्हवं?"

पंधरा वर्षांत त्या ओसरीवर माझी मर्जी विचारणारा हा पहिला प्रश्न. विचारला तोही परक्या माणसानं. सासूबाई माझ्याऐवजी म्हणाल्या, "तिची कसली हरकत?" दादासाहेबानं शिकवलंय की प्रश्न अवघड आला तर हसून वेळ घ्यावा. मी हसले नाही. म्हणाले, "दादा, ह्या घरात मला इचारायची पद्धत न्हाय. तुमच्या पोरीलाबी कुणी इचारणार न्हाय. ती जेवली का, तिचं दुखतंय का, तिला ऱ्हायचंय का, कायबी न्हाय. एवढं चालत असंल तर द्या. बाकी घर चांगलं हाय. दोन ट्रॅक्टर हायेत."

तिघंही उठले. पोहे तसेच राहिले.

तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणजे विशेष काही बदललेलं नाही. पण आता माझं इथं राहणं उरलेलं नाही. अप्पा गेल्यावर कन्हेरीचं घर चुलत्यांकडं गेलं, तिथं मला कोण ठेवून घेणार? सोळाला ती नोकरी मिळाली नाही तर मला जायला जागा नाही. हे मी पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. त्याऐवजी वेळ जात नाही म्हणून लिहिलं.

सोळाला तू समोर दिसलीस तर मी तुला ओळख दाखवणार नाही. घाबरू नकोस.

राजेश्वरी


इंदापूर
१७ जानेवारी २०२५

मोना,

तू बाहेर गेल्यावर आत काय झालं ते तुला कुणी सांगितलं असेल, पण ते दुसऱ्याच्या तोंडून. माझ्याकडून ऐक.

आधी बाहेरचं. बाकावर आम्ही सहा जणी होतो. त्यातल्या दोघी पुटपुटत होत्या, "कामात झोकून देते, कामात झोकून देते." बारामतीतही एखादा दादासाहेब आहे म्हणायचा. तुमच्या शिपाई बानूबाई पाणी घेऊन आल्या आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "तुमी मोनाम्याडमच्या कोण?" मी म्हणाले, "कोण न्हाय." त्या म्हणाल्या, "आसं कसं? नाक तर त्येच हाय." बाई, नोकरी जपायची असेल तर असली तोंडं बघत जाऊ नका, असं मी त्यांना मनात म्हणाले.

आत आले तर टेबलामागं तुमचे अध्यक्ष, शेजारी त्या चष्मेवाल्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि कडेला कागदपत्रं तपासायला तू. सहा वर्षांत तू जाड झाली आहेस. केस कापले आहेस. ते तुला शोभत नाहीत.

मी तुझ्याकडं बघितलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा." तुझी टीप पाठ होती, दादासाहेबाचं भाषण पाठ होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं ते तू ऐकलंसच. मान आपोआप खाली गेली, पदर आपोआप खांद्यावर आला, आणि मी म्हणाले, "नाव राजेश्वरी. शिक्षण बी.ए. सैपाक सगळा येतो." अध्यक्ष हसले. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. मला धरणीनं गिळलं असतं तर बरं, असं वाटलं. सात वेळा गिरवलेलं तेवढं एकच वळण ह्या अंगाला माहीत होतं. पुढचा प्रश्न भावंडांचाच येणार म्हणून मी थांबले. तो आला नाही.

तेव्हा तू उठलीस. माझा अर्ज तुझ्या हातात होता. म्हणालीस, "सर, ह्या मुलाखतीला मला बसता येणार नाही. ही माझी सख्खी बहीण आहे. थोरली."

आठ माणसांसमोर मी जे नाकारलं ते तू दोन माणसांसमोर एका दमात म्हणालीस. आवाजही चढवला नाहीस.

अध्यक्षांनी अर्ज ओढून घेतला. "रकाना चौदामध्ये तर 'नाही' लिहिलंय. कोण खरं बोलतंय?" आणि माझ्याकडं बघितलं. दादासाहेब म्हणतो, अर्जातली चूक कधी कबूल करायची नाही, गैरसमज झाला म्हणायचं. मला 'चुलत आहे, सख्खी नाही' म्हणता आलं असतं. 'रकाना नीट वाचला नाही' म्हणता आलं असतं. जीभ त्या दोन्हीवर फिरूनही आली. मग मी म्हणाले, "मॅडम खरं बोलतायत. अर्ज खोटा आहे. ती माझी बहीण आहे."

तू दार ओढून घेतलंस. मागं वळून बघितलं नाहीस. बरं केलंस, मी त्या क्षणी बघण्यासारखी नव्हते.

पुढं अर्धा तास विचारत होते. गोठ्यातल्या पुतणीचं सांगितलं, घडलेलं, एकच, नीट. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला. पाच वर्षांचं विचारलं तेव्हा म्हणाले, आतून कडी असलेल्या खोलीत. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "तुमचा दोष कोणता?" मी म्हणाले, "मी माणसांना आधी कमी लेखते आणि मग ओळखते. मधल्या वेळात माणसं निघून जातात."

ते म्हणाले, "इतकं खरं बोलता, तर मग अर्जावर का नाही बोललात?"

मी नमस्कार केला आणि बाहेर आले. तुझ्या खोलीवरून गेले. दार उघडं होतं, तू आत फाइल चाळत होतीस. फाइल उलटी धरली होतीस, हे मी तिथं बोलले नाही.

राजेश्वरी


इंदापूर, एसटी स्टँड
५ फेब्रुवारी २०२५

मोना,

तुमच्या संस्थेचं पत्र काल मिळालं. 'महोदया, आपल्या अर्जातील रकाना क्रमांक चौदामधील माहिती चुकीची आढळल्याने आपली उमेदवारी रद्द करण्यात येत आहे.' खाली जावक क्रमांक, गोल शिक्का, आणि आस्थापना अधिकारी म्हणून तुझी सही. सहा वर्षांत मी तुला पाच-सहा पत्रं लिहिली, तीही सगळी दोन महिन्यांत. तुझं मला आलेलं पहिलं पत्र हे. सही झोकात केली आहेस. स्वतःच्या बहिणीला घरचा रस्ता दाखवायला तुला दुसरं कुणी सापडलं नाही का? एक दिवस रजा टाकायची होतीस.

क्लासच्या पायरीवर बसून मी तुला तोंडाला येईल ते बोलले. दादासाहेब बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, पुढच्या ब्याचला सवलत देतो." त्यालाही बोलले. कागद चुरगाळला. मग चुरगाळलेला सरळ केला, कारण फाडायचा तर नीट फाडावा. तेव्हा मागची बाजू दिसली.

शिसपेन्सिलीनं दोन शब्द. 'भावंडं किती?'

त्याखाली तुझ्या घराचा पत्ता. 'ये' असं कुठंही लिहिलेलं नाही. एवढी मोठी अधिकारी, आणि एक अक्षर जास्त लिहिताना शिसं पुरलं नाही.

मी तिथं पायरीवर किती वेळ बसले ते सांगत नाही. पोरं क्लासला येत होती, मला वळसा घालून आत जात होती.

आज सकाळी पिशवी भरली. दोन साड्या, पदवीचं प्रमाणपत्र, अप्पांचा फोटो. ओसरीवर आले तर दिग्विजयनं मोबाइलवरून मान वर केली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला प्रश्न विचारला. "कुठं निघालीस?"

"भनीकडं."

सासूबाई आतून आल्या. "भनीकडं? तूच म्हणालीवतीस न्हवं, मला भन न्हाय म्हणून? आठ माणसांत म्हणालीवतीस."

"व्हय," मी म्हणाले. "खोटं बोललीवते."

चप्पल घातली आणि आले.

बारामतीची गाडी अजून लागायची आहे. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. तू दार उघडलंस की मला बोलता येईल याची खात्री नाही, आणि बोलले तर आधी तुझ्या केसांबद्दलच बोलेन. मला मी ठाऊक आहे. म्हणून आधी हे वाच. नोकरी मी शोधेन, तुझ्या जिवावर बसणार नाही. पुढचा अर्ज भरताना रकाना कितवाही असो, खरं लिहीन. तू सिद्धूची साडी घेऊन आलीस त्या दिवशी तुला मला काय सांगायचं होतं, ते आज सांग. मी ऐकेन, मध्ये बोलणार नाही. प्रयत्न करेन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लेखी देते, म्हणजे पुन्हा कुणाला तपासायला लागणार नाही.

दोघी. मी थोरली, मोना धाकटी.

ताई